अठराशेवाला कॅमेरा

“हनुवटी खाली. खाली म्हणजे छातीला टेकवायची नाही, शैले. आता जरा डावीकडं. दाराकडं बघ, माझ्याकडं नको.”

“तात्या, हा सीसीटीव्ही आहे. दाखवायचा फोटो नाही.”

“म्हणून काय पोतं ठेवल्यासारखं बसायचं?”

सत्तेचाळीस वर्षांची बाई मी. लातुरात दोनशे दहा मुलींच्या हॉस्टेलची वॉर्डन. माझा आवाज जिन्यात आला की वरच्या मजल्यावरचे मोबाईल पटापट गाद्यांखाली जातात. आणि बार्शीच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून, मी लग्नाच्या मुलीसारखी हनुवटी सावरत होते. तात्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढं उभे होते. नुसत्या तोंडानं मला वळवत होते, आणि मी मुकाट वळत होते. त्यांच्या मागं फडताळावर तीन कॅमेरे ओळीनं मांडलेले होते.

तात्या म्हणजे माझे वडील, मुरलीधर वायचळ. गावात त्यांचा फोटो स्टुडिओ होता, जवळजवळ चाळीस वर्षं. मुलीचा दाखवायचा फोटो वायचळांकडं काढला की लवकर जमतं, असा बार्शीत समज होता. त्याला कारण तात्यांची पेन्सिल. निगेटिव्हवर ते अशी बारीक पेन्सिल चालवायचे की देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं बुजून जायचं. ही फसवणूक आहे असं कुणी म्हणालंच तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, “फोटो खोटा नाही. चांगल्या दिवशी माणूस असाच दिसतो.” पुढं निगेटिव्ह गेल्या, कॉम्प्युटर आले, तात्या तेही शिकले. मग एके दिवशी त्यांनी स्टुडिओ बंद केला. मोबाईलनं धंदा खाल्ला, असं ते सांगायचे. सगळ्यांना ते पटलं होतं.

आई जाऊन वर्ष झालं होतं. तात्या एकटेच राहायचे. दिवाळीनंतर एकदा दुधाचं पातेलं त्यांच्या पायावर उलटलं आणि शेजारच्या कुंभारकाकूंनी थेट हेमंतला फोन केला. हेमंत माझा धाकटा भाऊ, पुण्यात नोकरीला. स्वभाव हळवा, आणि त्यात घाई फार. दुसऱ्याच दिवशी त्यानं तात्यांसाठी खोली रंगवायला घेतली. मग फोनवर आमचं तिघांचं तासभर भांडण झालं आणि शेवटी त्यानं अट घातली.

“घरात कॅमेरा बसवा. मी रोज बघणार. सगळं ठीक दिसलं तर खुशाल राहा. एकदा जरी काही वावगं दिसलं, तर मी गाडी घेऊन येतो आणि घराला कुलूप लावतो. मग कुणाचं ऐकणार नाही.”

“चालेल,” तात्या म्हणाले. “पण कॅमेरा मी निवडणार.”

आईच्या आजारपणात तात्या वर्षभर हेमंतच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी राहिले होते. लिफ्टची इतकी धास्ती घेतली की महिना महिना खाली उतरले नाहीत. परत आले तेव्हा सदरे अंगावर लोंबत होते. पुन्हा तिथं नेलं तर ते फार दिवस काढणार नाहीत, हे मला दिसत होतं. म्हणून मी चार दिवसांची रजा टाकली आणि आले.

कॅमेरे सादिक तांबोळीनं दिले होते. त्याचं बाजारात इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान, आणि त्याच्या लग्नाचे फोटो तात्यांनी काढलेले. एक कॅमेरा अठराशेचा, दुसरा साडेबाविसशेचा, तिसरा बत्तीसशेचा. “लावून बघा काका. जो पसंत पडंल तो ठेवा, बाकीचे मी गुरुवारी येऊन काढून नेतो,” म्हणाला. वर अर्धा तास त्यानं कायकाय समजावलं. माझ्या डोक्यात किमती तेवढ्या राहिल्या. तिन्हींची तीन ॲप्स त्यानं माझ्या मोबाईलवर टाकून दिली.

मग सुरू झाली तात्यांची परीक्षा. पाठीमागं उघडी खिडकी आणि समोर मी, असा पहिला पेपर. साडेबाविसशेवाल्यानं मला डांबरासारखं काळं करून टाकलं. मग हळदी-कुंकवाचा करंडा हातात घेऊन बसवलं. त्यातही तोच मठ्ठ. हळद कुठली आणि कुंकू कुठलं, सगळं नारिंगी.

“हा गेला,” तात्या म्हणाले. “साडेचारशे रुपये जास्त घेतो आणि अक्कल कमी.”

राहिले दोन. बत्तीसशेवाला मला बघताक्षणी आवडला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथीसुद्धा त्यात वाचता यायची. माझ्या कपाळावरच्या आठ्या मोजता यायच्या. अठराशेवाल्यात तारखेचे मोठे आकडे दिसायचे, बाकी सगळं मऊ मऊ. पण चेहऱ्याचा रंग छान यायचा, हे कबूल करायलाच हवं. दारं-खिडक्या लावून अंधार केला तेव्हाही तो फार काही मागं पडला नाही.

“बत्तीसशेवाला घेऊ,” मी म्हटलं. “चौदाशेनं काय जीव जातोय?”

“टोचतो तो. कडा बघ कशा कापल्यासारख्या. मोबाईल टेबलावर ठेव, माझ्या हातात नको देऊस, काचेवर ठसे उठतात. हे बघ, हा तुझा गाल. असा आहे का तुझा गाल?”

“असाच आहे.”

“नाही. तो तुझ्या गालाचा पंचनामा आहे. अठराशेवाला बघ. त्यात तू दिसतेस.”

चाळीस वर्षं ज्यानं माणसांचे चेहरे बघितले, त्याच्याशी मी काय वाद घालणार? तरी मी एकदा खोलीतून चालून बघितलं. “याच्यात हात हलला की पुसल्यासारखा होतो, तात्या. तुम्ही चालून दाखवा बरं जरा.”

“मी चाललो तर बघणार कोण? मॉडेल तू, बघणारा मी.” आणि मग जरा थांबून, “म्हातारा माणूस बसूनच असतो गं. बसल्यावर नीट दिसलं म्हणजे झालं. हेमंतला काय घरात चोर पकडायचेत?”

चार दिवस माझा पाय एका जागी ठरत नव्हता. हॉस्टेलवर एका मुलीला कावीळ, मेसवाल्याची कटकट, इकडं तात्यांचा हा कीस. सारखी मोबाईल उघडायची, तीन चित्रं बघायची, बंद करायची, परत उघडायची. चहा मीच करत होते, वाढत मीच होते. “तू जेव, मी मागून बसतो,” म्हणायचे तात्या, आणि मी गिळून परत फोनला लागायची. शेवटी बुधवारी सकाळी मी हात टेकले. अठराशेवाल्याचा पासवर्ड हेमंतला पाठवला आणि अकराच्या लातूर गाडीत जाऊन बसले.

येडशीला गाडी दहा मिनिटं थांबली. खाली भेळवाले ओरडत होते. मी सवयीनं मोबाईल काढला. सादिक गुरुवारी येणार, म्हणजे तिन्ही कॅमेरे अजून फडताळावरच होते. आधी अठराशेवाला उघडला. तात्या ओट्यापाशी उभे, चहा गाळत होते. उन्हात शांत, सुरेख चित्र. माझा जीव भांड्यात पडला. मग, केवळ माझ्या चौकस स्वभावापायी, मी बत्तीसशेवाला उघडला.

त्यात चहा गाळणीत पडत नव्हता. ओट्यावर, बशीत, सदऱ्यावर, सगळीकडं पडत होता. तात्यांचा उजवा हात थडाथडा हलत होता. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट पकडलं, तर दोन्ही हलायला लागले. मग त्यांनी पातेलं खाली ठेवलं, कप ओट्यावरच राहू दिला, आणि कमरेत वाकून तोंड कपाला लावलं. चहा ते तसाच प्यायले. वासरू पाणी पितं तसं.

मी परत अठराशेवाला लावला. तिथं एक म्हातारा माणूस ओट्यापाशी जरासा वाकला होता, इतकंच. हात म्हणून नुसता पांढुरका डाग.

तेवढ्यात हेमंतचा फोन आला. “ताई, मस्त आहे की कॅमेरा. तात्या एकदम ठणठणीत दिसतात. मी उगाच घाबरलो होतो.”

“हो ना,” मी म्हटलं. माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही. “हेमंत, मी माझा चार्जर विसरलेय. परत चाललेय घरी. तुला मी दिसले तर दचकू नकोस.”

कंडक्टरनं पाठीमागून दोन हाका मारल्या, पण मी पिशवी घेऊन उतरले होते. उलट्या दिशेची गाडी मिळेपर्यंत स्टँडवर मी नुसत्या येरझाऱ्या घातल्या. रडू यायला हवं होतं, आला तो संताप. दोनशे दहा मुलींतली कुणाची पोटदुखी खरी आणि कुणाची खोटी, हे मला जिन्यावरून कळतं. आणि बापानं चार दिवस मला समोरासमोर बनवलं.

घरी पोचले तेव्हा दार उघडंच होतं. तात्या गुडघ्यावर बसून फरशी पुसत होते. मला बघून उठले नाहीत.

“काय विसरलीस?”

“चार्जर.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग फडताळावरच्या बत्तीसशेवाल्याकडं, आणि हातातलं फडकं खाली ठेवलं. “तो बंद करायचा राहिला,” म्हणाले.

अठराशेवाला चालू होता आणि हेमंत केव्हाही बघू शकत होता. म्हणून मी तात्यांना टेबलापाशी कॅमेऱ्याकडं पाठ करून बसवलं, आणि मीही पाठमोरी बसले. आमची तोंडं काही त्याला दिसायची नाहीत.

“हात दाखवा.”

त्यांनी हात टेबलावर ठेवले. उजव्या हाताची बोटं आपली आपण हलत होती.

“कधीपासून?”

“पाच वर्षं झाली.”

“पाच? म्हणजे आई होती तेव्हापासून?”

“तिला ठाऊक होतं. चहा तीच गाळून द्यायची. तुम्ही कुणी आलात की मला आधी जेवू घालायची, म्हणजे तुमच्यात बसायला नको. डॉक्टरकडं चला म्हणून मागं लागली होती. मग तीच आजारी पडली. पुण्यात सगळ्यांचे डोळे तिच्याकडं, माझ्या हाताकडं कोण बघतंय?”

“आणि स्टुडिओ?”

“एक पोरगी आली होती. बारावीच्या फॉर्मला फोटो पाहिजे होता. तीनदा काढला, तिन्ही वेळा हलला. ती म्हणाली, काका, मी नाही हो हलले. तिला म्हणालो, यंत्र बिघडलंय बाळ, दुसरीकडं जा. ती गेली आणि मी शटर ओढलं. मोबाईलचं आपलं निमित्त.”

पाच वर्षं हा माणूस मोबाईलला शिव्या घालत होता आणि आम्ही माना डोलावत होतो.

“अठराशेवाला त्यासाठी निवडलात.”

“त्याच्यात हलणारा हात पुसून जातो. पहिल्या दिवशी तू आंघोळीला गेलीस तेव्हा तिन्हींपुढं हात धरून बघितला.”

“माझ्यासमोर चार दिवस वावरलात तुम्ही. मला कसं दिसलं नाही?”

“तू कॅमेऱ्यांकडं बघत होतीस ना,” तात्या म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. तसंच झालं होतं.

“मी हेमंतला सांगणार आहे,” मी म्हटलं. “आत्ता, इथूनच. त्या दिवशी दूध पायावर पडलं, उद्या अंगावर पडेल. हा पोरखेळ नाही.”

“सांग. मी अडवत नाही. तो येईल, मला नेईल, जिवापाड करील. त्यात शंकाच नाही.” त्यांनी डावा हात उजव्यावर दाबून धरला. “आईच्या वेळी तो रोज मोरीत जाऊन नळ सोडायचा आणि रडायचा. वर्षभर. त्याला वाटायचं, आम्हाला कळत नाही. मग तोंड पुसून बाहेर यायचा आणि हसून म्हणायचा, आई, आज छान दिसतेस. ती हो म्हणायची. मीही हो म्हणायचो. पोराला दुसरं काय म्हणायचं? आता माझ्यासाठी त्याला परत नळ सोडायला लावू? हात माझे हलतात शैले, पण ते बघून मोडणार तो. मला पुण्याला जायचं नाही हे खरंच आहे. पण त्याला हे बघू द्यायचं नाही, हे त्याहून खरं आहे.”

त्यावर मी भांडू शकले असते. माझ्याकडं मुद्दे होते, आवाजही होता. पण मी उठले, चहा टाकला, आणि त्यांच्यासाठी कपाऐवजी मोठ्या पेल्यात अर्धाच ओतला.

“सोलापूरला डॉक्टरकडं यायचं. उद्याच,” मी म्हटलं. “ते म्हणतील ती गोळी घ्यायची. दूध-चहा कुंभारकाकू करतील, त्यांना मी सांगते. यातलं एक जरी मोडलंत, तर मी स्वतः तुम्हाला पुण्याला नेऊन घालीन.”

“बरं,” तात्या म्हणाले. इतकं गरीब होऊन बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सोलापूरला नेलं. कंपवात निघाला. गोळ्यांनी बराच उतार पडला. सादिक येऊन दोन कॅमेरे घेऊन गेला आणि अठराशेवाला फडताळावर राहिला. त्यानंतर तात्या आणखी तीन वर्षं त्या घरात राहिले. मी दर दुसऱ्या शनिवारी जात होते. हेमंत रोज संध्याकाळी फोन करायचा, “तात्या, आज छान दिसताय,” म्हणायचा, आणि तात्या माझ्याकडं बघून डोळे मिचकावायचे. मधूनमधून त्याच्याकडून काहीबाही यायचं. आपली आपण बंद होणारी शेगडी आली. दोन कानांचे, झाकणाचे जड पेले आले. ऑफरमध्ये मिळाले, म्हणायचा. मी म्हणायची, याला पैसे उडवायला निमित्तच पाहिजे. त्याच्याशी बोलताना मात्र मी जपून असायची. खोटं बोलत होते ना त्याच्याशी, तीन वर्षं. ते मला आत कुठंतरी सारखं खात होतं.

तात्या दुपारच्या झोपेतच गेले. तेराव्यानंतर आम्ही दोघं बहीण-भाऊ घर आवरत होतो. हेमंत स्टुलावर चढून फडताळावरचा कॅमेरा काढत होता. आज सांगून टाकावं, असं माझ्या मनात आलं होतं. पण सुरुवात कुठून करावी ते कळेना.

“काय करायचं त्याचं?” मी विचारलं. “टाकूनच दे. चित्र तसंही यथातथाच होतं.”

“चित्र जाऊ दे,” हेमंत म्हणाला. तो वायर सोडवत होता, माझ्याकडं त्याची पाठ होती. “आवाज मात्र फार स्वच्छ यायचा.”

मला आधी काही कळलंच नाही. हॉस्टेलचे माझे सोळाच्या सोळा कॅमेरे मुके. येडशीच्या त्या गलक्यात मला कसला आवाज ऐकू येणार होता? तात्यांचा तर सगळा जन्म न बोलणाऱ्या चित्रांत गेला. सादिकनं त्या अर्ध्या तासात सांगितलंही असेल. आम्ही दोघं चार दिवस गाल आणि खिडक्या आणि हळद-कुंकू बघत बसलो होतो. कानाची आठवण आम्हाला झालीच नाही.

“केव्हापासून ऐकत होतास?” मी विचारलं.

“पहिल्याच दिवसापासून. कप वाजला ना बशीत, तेव्हाच. तुला फोन केला तो त्याच्यानंतर. तू काय म्हणतेस ते बघायचं होतं.” तो वायर बोटांना गुंडाळत राहिला. “मग तू चार्जर न्यायला आलीस. मी ऑफिसात हेडफोन लावून बसलो होतो. सगळं ऐकलं. नळाचंसुद्धा.”

त्या दुपारी आम्ही मोठ्या शहाणपणानं त्याच्याकडं पाठ करून बसलो होतो.

“मग आला का नाहीस, हेमंत? कुलूप लावणार होतास ना?”

“निघालो होतो की. गाडी सोसायटीच्या बाहेरसुद्धा काढली होती.” त्यानं वायरचं भेंडोळं खिशात घातलं. “पण तात्यांनी चार दिवस खपून निवडला होता गं तो. माझ्यासाठी. आणि मी जाऊन काय सांगणार होतो त्यांना, चुकीचा निवडलात म्हणून?”

स्टूल डुगडुगायला लागलं होतं. मी पुढं होऊन त्याचे पाय धरले आणि म्हटलं, “खाली उतर आधी.”